घराबरोबर फुकट

मित्रांनो, मी एक जुने लाकडी कपाट आहे, आणि या खोलीचा दरवाजा माझ्यापेक्षा अरुंद आहे. मग तू आत आलेस कसे, असे तुम्ही विचाराल. मी आत आलेच नाही. मी याच खोलीत जन्मले, याच भिंतीला टेकून उभे राहिले, आणि घर विकले की घराबरोबर मीही जाते. माझी वेगळी किंमत कोणी घेत नाही. मला फुकट देतात. फुकट मिळालेल्या वस्तूच्या मागे काय आहे, हे माणूस कधी बघत नाही.

आमची इमारत शहराच्या जुन्या भागात आहे. अरुंद गल्ली, चार मजले, लाकडी जिना आणि दर मजल्यावर एक बिऱ्हाड. मी दुसऱ्या मजल्यावर आहे. माझा पहिला मालक चष्मेवाला होता. गल्लीच्या तोंडाशी त्याचे दुकान होते. त्याच्या काळात शेजारची इमारत पाडली गेली. इतकी वर्षे त्या दोन इमारती एकमेकींना खांदा लावून उभ्या होत्या. एक गेली आणि आमची बाजूची भिंत उघडी पडली. महिन्याभरात तिला वरच्या मजल्यापासून तळापर्यंत तडा गेला.

चष्मेवाल्याने गवंड्याला बोलावले. गवंडी अनुभवी होता. त्याने तड्यावर आडवी एक बारीक काचेची पट्टी चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. “काच शाबूत आहे तोवर खुशाल झोपा,” तो म्हणाला. “काच तुटली, की समजायचं भिंत चालतेय.” ती पट्टी चष्मेवाल्याने आपल्या दुकानातूनच कापून आणली होती. तीन महिन्यांनी ती तुटली. दुसरी लावली, ती दीड महिन्यात तुटली. तिसऱ्या वेळी चष्मेवाल्याने गवंड्याला बोलावले नाही. त्याने सुताराला बोलावले.

सुताराने फळ्या जिन्यावरून वर आणल्या आणि खोलीतच मला जोडले. जमिनीपासून छतापर्यंत उंची, तीन दरवाजे, मधल्या दरवाजाला पूर्ण लांबीचा आरसा. माझ्या पाठीसाठी चष्मेवाल्याने सर्वांत जाड फळ्या घ्यायला लावल्या.

“पाठीला एवढं जाड लाकूड कशाला, साहेब?” सुताराने विचारले. “मागे भिंतच तर आहे.”

“भिंत आहे म्हणूनच,” चष्मेवाला म्हणाला.

सुताराने पुढे काही विचारले नाही. मजुरी चांगली होती. असा माझा जन्म झाला, मित्रांनो. दोन तुटक्या काचा आणि दोन तारखा माझ्या पाठीमागे कायमच्या बंद झाल्या.

पुढची वर्षे माझी कौतुकाची होती. येणारा प्रत्येक पाहुणा आधी माझ्याकडे बघायचा. बायका माझ्या आरशासमोर उभ्या राहून केस सारखे करायच्या. पुरुष माझ्या दरवाजावर टकटक करून “हल्ली असं लाकूड मिळत नाही” असे म्हणायचे. टकटक माझ्यावर करायचे, भिंतीवर कोणी करत नसे. मला या सगळ्याचा फार अभिमान वाटायचा. आपण कशासाठी उभे आहोत याची मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. पॉलिश केलेल्या वस्तूला लाज जरा उशिराच वाटते.

मग चष्मेवाल्याने लिफ्ट असलेल्या नव्या इमारतीत घर बघितले आणि ही खोली विकायला काढली. इथे मला गल्लीची रीत समजली. या इमारतीत कोणाचे घर बघायला माणसे येणार असली, की सगळे शेजारी त्या दिवशी शहाण्यासारखे वागायचे. जिना झाडलेला असायचा. दारे उघडी असायची. भांडणे दुसऱ्या दिवसावर ढकलली जायची. आणि तड्याबद्दल कोणी तोंडातून अक्षर काढायचे नाही. कारण तडा सगळ्यांच्या घरातून गेला होता आणि प्रत्येकाला कधी ना कधी विकायचेच होते. आज मी तुझ्यासाठी गप्प बसतो, उद्या तू माझ्यासाठी गप्प बस. असा शेजारधर्म मी दुसरीकडे पाहिला नाही. पण मी दुसरीकडे गेलेच कधी!

घर बघायला एक नर्स आणि तिचा बस चालवणारा नवरा आला. तिला सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे. कडेवर तीन वर्षांची मुलगी होती. सिस्टर हुशार होती. तिने नळ सोडून बघितले, खिडक्या उघडून लावून बघितल्या, कोपऱ्यांत वाकून वास घेतला, भिंतींवर हात फिरवला. मग ती माझ्यासमोर येऊन थांबली.

“हे कपाट जरा सरकवता येईल का? मागची भिंत बघायची होती.”

तेव्हा माझ्या मनात आले, सरकवा मला, बघू द्या तिला! नाही मित्रांनो, खोटे सांगितले. असे काहीही माझ्या मनात आले नाही. माझ्या आरशावर हातांचे डाग पडतील, एवढेच मनात आले.

चष्मेवाल्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि सावकाश पुसला. “आईचं कपाट आहे,” तो म्हणाला. “आई झोपेत गेली ती याच्यासमोरच. हलवायचं म्हटलं तरी हात उचलत नाही बघा.”

सिस्टरने दवाखान्यात अशी कितीतरी माणसे पाहिली होती. तिने लगेच हात मागे घेतला. “राहू द्या, राहू द्या. माफ करा हं.”

“तुम्हाला फुकट देतो,” चष्मेवाला म्हणाला. “चांगल्या घरात राहील.”

त्या वेळी चष्मेवाल्याची आई पहिल्या मजल्यावर शिंप्याच्या घरी बसून शर्टांना बटणे लावत होती. व्यवहार ठरला, पाहुणे गेले, तशी ती कठड्याला धरत वर आली आणि खुर्चीवर बसली.

“ठरलं का रे?”

“ठरलं.”

“मग कशाने गेले म्हणे मी?”

“झोपेत गेलीस म्हटलं.”

“बरं केलंस,” म्हातारी म्हणाली. “उगाच लोळागोळा होऊन गेले म्हणाला असतास तर मला आवडलं नसतं.” आणि ती चहा टाकायला उठली.

सिस्टर आणि ड्रायव्हर राहायला आले. आयुष्याची सगळी पुंजी त्यांनी या दोन खोल्यांत घातली होती. ड्रायव्हर भेटेल त्याला सांगायचा, “एवढं मोठं कपाट फुकट पदरात पडलं!” त्यांची मुलगी, छकुली, माझ्या खालच्या कप्प्यात बसून खेळायची. तो कप्पा म्हणजे तिचे घर होते. आत बाहुल्या, एक उशी आणि वडिलांची जुनी बॅटरी. ती आत बसून दार ओढून घ्यायची आणि आपल्या घराची किंमत बाहुल्यांना सांगायची. मुलांचा त्रास मला आवडत नाही, पण ती मला आवडायची. इतक्या वर्षांत माझ्या आत येऊन राहिलेले माणूस तेवढे एकच.

ती आठ वर्षांची असताना एका दुपारी माझ्या पाठीची एक फळी आतून सुटली. लाकूड मागून ओल धरून फुगले होते. छकुलीने बॅटरी लावून फटीतून बघितले आणि आईला हाक मारली.

“आई, आपल्या भिंतीला तोंड आहे!”

सिस्टरने फळी ओढून बाजूला केली. चष्मेवाल्याच्या काळात तड्यात नख जात होते. आता तिचा हात मनगटापर्यंत आत गेला. पलीकडून वारा येत होता. तिने त्या काचा पाहिल्या, पेन्सिलीच्या तारखा वाचल्या, आणि माझ्या आत गुडघ्यांवर बसल्या बसल्या तिला सगळे कळले. ती रडली नाही. “आई गेली म्हणाला होता,” एवढेच म्हणाली. चष्मेवाल्याबरोबर एका म्हातारीला तिने नंतर दोनदा बाजारात पाहिले होते आणि त्याच्या आईची बहीण असेल, असे समजून सोडून दिले होते.

संध्याकाळी ड्रायव्हरने शिंप्याला दंड धरून वर आणले आणि माझे दार उघडून दाखवले. “हे तुला माहीत होतं?”

“मला वाटलं तुम्हालाही असेल,” शिंपी म्हणाला. “अहो, माझ्याकडेही आहेच की. तो मोठा आरसा उगाच लावलाय का मी? वरच्या बाईंनी जगाचा नकाशा टांगलाय. सगळ्यांनी काही ना काही केलंय.”

“मी पालिकेत तक्रार करणार.”

“करा ना. माणूस येईल, इमारत रिकामी करा म्हणेल, दाराला सील ठोकेल. मग तुम्ही कुठे आणि मी कुठे? त्यापेक्षा रंग लावा आणि विकून मोकळे व्हा. आमच्याकडून चकार शब्द निघणार नाही. तुमच्या वेळी तरी कुठे निघाला होता?”

ड्रायव्हरने त्याचा दंड सोडला. नवराबायकोने आठवडाभर भांडून घेतले, एकमेकांवर खापर फोडले, जेवण टाकले. मग सिस्टरने स्वतः ती फळी परत ठोकली आणि ड्रायव्हर रंग घेऊन आला.

आता कोणी कपाट सरकवायला सांगितले तर काय करायचे, हा प्रश्न होता. मेलेल्या आईची गोष्ट सांगायला सिस्टरची जीभ रेटेना. म्हणून तिने वेगळा उपाय काढला. घर बघायला माणसे आली, की छकुलीने मला पाठ लावून, वह्यापुस्तके पसरून अभ्यासाला बसायचे आणि उठायचे नाही. अभ्यास करणाऱ्या मुलीला कोण उठवणार? ड्रायव्हर गिऱ्हाईक बनायचा आणि तिची तयारी करून घ्यायचा. “बाळ, जरा बाजूला होतेस?” “नाही काका, उद्या परीक्षा आहे.” सुरुवातीला दोघे हसायचे.

पहिल्याच जोडप्याने विचारले, “काय गं, आवडतं का तुला हे घर?” आणि छकुली कौतुकाने म्हणाली, “हो! याच्या मागे ना, माझा हात जाईल एवढं भोक आहे.” जोडपे जिन्यावरून उतरले ते परत आले नाही.

सिस्टरने तिला मारले नाही. मारले असते तर बरे झाले असते. ती चार दिवस तिच्याशी बोलली नाही. ताट पुढे ठेवायची, वेणी घालायची, आणि तोंडातून शब्द काढायची नाही. ड्रायव्हर म्हणाला, “तुझ्यामुळे आता आपण सगळे इथेच गाडले जाणार.” छकुली माझ्या खालच्या कप्प्यात बसून राहायची. ती बाहुल्यांशीही बोलत नव्हती. पाचव्या दिवशी तिने बाहुल्या बाहेर काढल्या आणि कप्प्याचे दार लावून घेतले. नंतर ती कधी आत बसली नाही.

पुढे आले ते टपालवाले. नोकरीतून निवृत्त झालेले, बायको नाही, मूलबाळ नाही, भाड्याच्या खोल्यांत दिवस काढलेले. तीस वर्षे त्यांनी याच गल्लीत पत्रे वाटली होती. खोलीत पाऊल टाकताना त्यांनी चपला काढून हातातच धरल्या.

“तीस वर्षं दारापर्यंतच आलो,” ते म्हणाले. “आत कधी आलो नाही. नेहमी वाटायचं, या गल्लीत आपलं एक दार असावं. किती चांगली माणसं आहेत इथली! एकानेही कधी तोंड फिरवलं नाही माझ्याकडे बघून.”

जिन्यात शिंपी हात जोडून उभा होता. वरच्या बाई खाली येऊन म्हणाल्या, “काका, तुम्ही आलात तर आम्हाला आधारच होईल.” टपालवाल्यांनी नळ सोडला नाही, भिंतीला हात लावला नाही. माझ्याकडे पाहून फक्त “वा!” म्हणाले. मग ते माझ्यासमोर, छकुलीच्या पुढ्यात, जमिनीवर मांडी घालून बसले.

“मला घरातलं काही कळत नाही,” ते सिस्टरला म्हणाले. “पण एक कळतं. मोठी माणसं दारात काहीही सांगतात. पोरं खरं सांगतात. कितीदा तरी मला पोरांनी सांगितलंय, बाबा आहेत घरात, पण नाहीत म्हणून सांगायचंय!” ते हसले. मग छकुलीकडे वळले. “तूच सांग, बाळ. या घरात काही वाईट आहे का?”

छकुलीने पेन्सिल खाली ठेवली.

“आहे,” ती म्हणाली.

सिस्टर पाण्याचा पेला घेऊन येत होती, ती तिथेच थांबली. ड्रायव्हरचा चेहरा उतरला. माझ्या पाठीमागे भिंतीतून माती ओघळल्याचा बारीक आवाज आला. तो मला एकट्यालाच ऐकू आला.

“काय आहे गं?” टपालवाल्यांनी विचारले.

“आम्हाला इथून जावं लागतंय. मला नाही जायचं, आजोबा.” आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले.

टपालवाल्यांचेही डोळे भरले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तुला वाटेल तेव्हा ये. घर तुझंच समज.” मग उठून ड्रायव्हरचा हात हातात घेतला. “माझं ठरलं. आता दुसरं घर बघणार नाही.”

ते गेल्यावर ड्रायव्हरने छकुलीला उचलून गरकन फिरवले. “शाब्बास! माझी वाघीण!” सिस्टर मात्र तिच्यासमोर बसली आणि तिचे तोंड निरखू लागली.

“हे तुला कोणी शिकवलं?”

“कोणी नाही.”

“खरंच रडू आलं का तुला?”

छकुलीने आईकडे बघितले आणि विचारले, “तुला कसं हवंय?”

सिस्टरला त्या क्षणी आपल्याच मुलीची भीती वाटली. मी ती तिच्या चेहऱ्यावर पाहिली. माझ्या आरशातही ती दिसत होती. पण भीती वाटली म्हणून व्यवहार मोडत नाही. ती उठली आणि माझे दरवाजे उघडून कपडे काढायला लागली.

किल्ली द्यायच्या दिवशी सामान खाली गेले. ड्रायव्हर गाडीपाशी होता, सिस्टर जिन्यात शिंप्याच्या बायकोचा निरोप घेत होती. खोलीत फक्त छकुली, टपालवाले आणि त्यांची घडीची लोखंडी खाट होती. खाट कुठे लावावी, असा विचार करत ते उभे होते. छकुलीने दाराकडे एकदा बघितले. मग ती हळूच म्हणाली, “आजोबा, खाट तिकडे लावा. खिडकीखाली.”

“का गं?”

जिन्यातून हाक आली, “छकुले, चल लवकर!”

छकुलीने तोंड उघडले. मला वाटले, आता सांगते. आणि मित्रांनो, या खेपेला मी खोटे सांगत नाही, तिने सांगावे असे मला मनापासून वाटले. पण चार दिवसांचा तो अबोला तिच्या घशात होता. तिला कारण तर द्यायचेच होते. “तिकडे छान वारा येतो,” ती म्हणाली, आणि धावत गेली.

“गुणाची पोर आहे,” टपालवाले स्वतःशी म्हणाले. मग ते खिडकीपाशी गेले, हात बाहेर काढून बघितला आणि अंगावरचे उपरणे गळ्याभोवती घट्ट केले. तीस वर्षे उन्हापावसात सायकल मारून त्यांची छाती कमजोर झाली होती. वारा त्यांना चालत नव्हता. त्यांनी खाट उचलली आणि माझ्या शेजारी, अगदी मला चिकटून लावली.

त्याला आता एक वर्ष होऊन गेले. टपालवाले माझी जेवढी काळजी घेतात तेवढी कोणी घेतली नाही. दर रविवारी कोरड्या फडक्याने पुसतात, बिजागऱ्यांना तेल घालतात. माझ्या तीन दरवाजांपैकी एकच त्यांना पुरतो, एवढे थोडे कपडे आहेत. झोपताना उशी माझ्या कडेला टेकवतात. भिंत माझ्या पाठीला टेकून बरेच दिवस झाले. माझे मागचे दोन पाय ओलीने कुजले आहेत. वर छताशी माझ्यात आणि भिंतीत बोटभर फट असायची. ती कधीच भरली आहे. आणि आता पुढच्या बाजूने मी सरळ उभे नाही.

परवा ते माझ्या मागची धूळ काढायला निघाले. खांदा लावून त्यांनी दोनदा रेटले. मी हलले नाही. मला हलवायला चार माणसे लागतात. ते खाली जाऊन शिंप्याला बोलावून घेऊन आले. शिंप्याने मला वरपासून खालपर्यंत बघितले. माझे पुढे झुकणे त्याच्या नजरेतून सुटले नाही. तो शिंपी आहे. तसूभर फरक त्याला लांबूनही कळतो.

“कशाला हलवताय, काका,” तो म्हणाला. “एवढं जड आहे. आहे तिथे राहू द्या. छान दिसतंय.”

“तेही खरंच,” टपालवाले म्हणाले. शिंप्याने आपल्यासाठी जिना चढायचे कष्ट घेतले, म्हणून त्यांनी त्याला चहा पाजला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे मी तुम्हाला सांगायला हवे. माझ्यासारख्यांनी तेच सांगायचे असते. पण पुसून, तेल घालून माझे काही भले झाले नाही आणि पुसणाऱ्याचेही होणार नाही. मला एकच विनंती करायची आहे. तुमच्यापैकी चार जण या गल्लीत या. दुसरा मजला, दार उघडेच असते. टपालवाले दुपारी जेवून माझ्या बाजूला तोंड करून झोपतात. आधी त्यांना उठवा.